मीठ वाढणारा हात

"काकू, तो हात तुमचा आहे ना?" फोनवरच्या मुलीनं विचारलं, तेव्हा सत्यशीला वाघोलीच्या मंडईत कोथिंबिरीची जुडी उलटीपालटी करून बघत होती. नंबर अनोळखी, आवाज कोवळा, आणि प्रश्न असा की दोघींचं आधी बरंच बोलणं झालेलं असावं. तिनं जुडी खाली ठेवली आणि काही कारण नसताना उजवा हात पदराखाली घेतला. "कुठला हात?" असं तिनं विचारलं खरं, पण आवाज इतका बारीक झाला की पलीकडे कबुलीच पोचली असणार. मुलीचं नाव ऋचा, ती सिनेमे करते. 'पाचवं ताट' हा जुना सिनेमा ती नव्यानं करते आहे. जुनी प्रत आता साफसूफ करून इतकी लख्ख झाली आहे की वाढणाऱ्या हाताच्या अंगठ्याच्या मुळाशी चिंचोक्याएवढा भाजल्याचा डाग दिसतो. त्यातल्या नायिकेच्या, कुसुमताईंच्या, दुसऱ्या कुठल्याही सिनेमात त्यांच्या हातावर तो डाग नाही. मग ऋचानं जुन्या कॅमेरामनना गाठलं, त्यांनी नाव सांगितलं. "सदतीस वर्षं हे कुणालाच माहीत नाही, काकू! किती ग्रेट आहे हे!" मुलगी म्हणत होती. "घ्यायची हाय का नुसतीच चुरगाळायची हाय?" भाजीवाल्या मुक्ताबाईंनी विचारलं. सत्यशीलेनं घाईघाईनं दोन जुड्या पिशवीत टाकल्या. घरी एक पडून होती.

नवऱ्यानं दुसरीकडे संसार थाटला आहे हे बायकोला कळतं, आणि त्याच दिवशी ती त्याला नेहमीसारखं जेवायला वाढते, एवढाच तो प्रसंग. घरातली चौघं जेवून उठलेली, हे पाचवं ताट उशिरा येणाऱ्या नवऱ्याचं. पडद्यावर फक्त ताट आणि हात. भात, वरण, बटाट्याची भाजी, कोशिंबीर, लिंबाची फोड. शेवटी चिमटीत मीठ येतं, ताटावर येऊन हात थांबतो, तीन सेकंद तसाच राहतो, आणि मग मीठ पडतं. या तीन सेकंदांवर या शहरात जेवढं बोललं गेलं तेवढं पाण्याच्या प्रश्नावरही बोललं गेलं नसेल. एका फिल्म सोसायटीत एका गृहस्थांनी पाऊण तास व्याख्यान दिलं होतं, की तेवढ्या वेळात तिनं मनातल्या मनात नवऱ्याला मारलं, त्याचं सुतक पाळलं आणि मग माफ केलं. सत्यशीला तिसऱ्या रांगेत बसून ऐकत होती. नंतर सिनेमा दाखवला तेव्हा त्या जागी तिनं डोळे मिटून घेतले. ती दर वेळी तिथे डोळे मिटते. कुसुमताईंना त्या कामाचं बक्षीस मिळालं, त्या गेल्या तेव्हा पेपरात त्यांच्या फोटोशेजारी तो हात छापून आला. सत्यशीलेला त्याचं वाईट वाटलं नव्हतं. उलट सुटल्यासारखं वाटलं होतं, की चला, आता कुणी विचारायला येणार नाही.

घरी आल्यावर तिनं सीतारामला सांगितलं. तो हात आपल्या बायकोचा आहे हे, तेव्हाचे शूटिंगवाले सोडले तर, माहीत असलेला तो जगातला एकटा माणूस, निदान आजवर तरी. वीज मंडळातून निवृत्त झाल्यापासून त्याला मतं मांडायला श्रोते कमी पडत, त्यामुळे विषय मिळाल्यावर तो खुर्चीत सरसावून बसला. "नव्यानं करतात म्हणजे काय करतात? मूळचा चांगला आहे म्हणून, की वाईट आहे म्हणून? चांगला असेल तर यांनी हात लावायचं कारण नाही, आणि वाईट असेल तर मुळात आठवण कशाला काढायची?" ती म्हणाली, "अहो, करतायत तर करू देत. मला नुसतं त्या नव्या हिरॉईनला दाखवायला बोलावलंय, कसं वाढायचं ते. मंगळवारी. खराडीला." सीतारामनं चष्मा काढला. "वाढायचं कसं, हे दाखवायला माणूस बोलवावं लागतं? धन्य आहे. मीही येतो. तुझं बीपी बघायला कुणीतरी हवं." तो रोज सकाळी तिच्या दंडाला पट्टा बांधून आकडे बघतो. दोन वर्षांपासून तिचं मीठ डॉक्टरांनी बंद केलं आहे आणि सीताराम ते बंद ठेवतो, पूर्वी थकबाकीदारांची वीज बंद ठेवायचा तितक्याच निष्ठेनं. तिच्या वाटचं वरण वेगळ्या वाटीत, तिची भाजी आधी काढलेली. ती निमूट खाते. या निमूटपणाचं त्याला फार कौतुक आहे.

मंगळवार. मंगळवारच का निघावा, असं तिच्या मनात आलं आणि मग दोन दिवस दुसरं काही येईना. नवा सिनेमा वाईट होईल याची तिला भीती नव्हती. वाईट झाला तर लोक चार दिवस नावं ठेवतील आणि जुन्याकडे परत जातील. भीती होती ती तो चांगला होण्याची. चांगला व्हायचा असेल तर त्या मुलीचा हात तिथे खरोखर थांबायला हवा, आणि खरोखर थांबायचा तर तो का थांबला हे कुणीतरी तिला सांगायला हवं. इतकी वर्षं सगळ्यांनी आपापल्या मनानं कारणं लावली, विचारलं कुणी नाही. आता विचारतील. नुसतं बघणाऱ्याला कारण नसलं तरी चालतं, तेच पुन्हा करून बघणाऱ्याला ते लागतंच.

नव्यानं केलेली गोष्ट मुळापेक्षा सरस होऊ शकते, हे सीतारामला कुणीही पटवू शकलं नसतं, पण तिला ते लहानपणापासून ठाऊक होतं. बाळदादामुळे. थोरला भाऊ, तिच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. नारायण पेठेतल्या दोन खोल्यांत आई डबे करायची, आणि मुलीच्या जातीनं सिनेमाला जायचं नाही हा वडिलांच्या मागे उरलेला एकच नियम आई पाळायची. बाळदादा जायचा आणि येऊन तिला सिनेमा सांगायचा. सांगायचा म्हणजे करून दाखवायचा. खलनायक तोच, हिरॉईन तोच, पाऊस तोच. पोळ्या लाटता लाटता ती बघायची. लाटणं थांबलं की तो म्हणायचा, "पोळी करपली की पिक्चर बंद." पुढे मोठेपणी त्यातले दोन-तीन सिनेमे तिनं खरे पाहिले आणि तिचा हिरमोड झाला. बाळदादाच्या सिनेमात जो माणूस दारात उभा राहून आत येऊ की नको असा घोटाळायचा, तो पडद्यावर सरळ आत येऊन सोफ्यावर बसला. तिला वाटलं, या मूळवाल्यांना काही कळलेलंच नाही.

मग बाळदादाच्या पायांवर सूज आली, मग चेहऱ्यावर. वय एकोणतीस. मूत्रपिंडं गेली आहेत, डॉक्टर म्हणाले, पाणी मोजून प्यायचं आणि मीठ पूर्ण बंद, चिमूटभरही नाही. त्या वेळी आणखी काही करता येण्यासारखं असलं तरी ते डबे करणाऱ्या घराच्या आवाक्यातलं नव्हतं. दोन वर्षं ती त्याचं ताट वाढत होती. आपल्याकडे ताटात आधी मीठ वाढतात, वर, मधोमध. त्याच्या ताटात ती लिंबापासून सुरुवात करायची आणि त्या रिकाम्या जागेकडे बघायचं टाळायची. तोही टाळायचा. एका मंगळवारी आई डबे पोचवायला गेली होती. बाळदादा भिंतीला टेकून बसला होता, वरणभात तसाच पुढ्यात. तो म्हणाला, "सत्या, चिमूटभर वाढ. तोंडाला चवच नाही गं." थोरला भाऊ. त्यानं तिच्याकडे त्याआधी कधी काही मागितलं नव्हतं. ती नाही म्हणाली. तो पुन्हा म्हणाला नाही, नुसता बघत राहिला, आणि ते बघणं तिला सोसेना. तिनं मिठाच्या सटात हात घातला, चिमूट घेतली आणि वरणावर सोडली. तो दोनदा भात मागून जेवला. जेवल्यावर त्यानं तिला एक सिनेमा सांगितला, बसल्या बसल्या, नुसत्या हातांनी. गुरुवारी पहाटे त्याच्या छातीत पाणी भरलं आणि तो गेला. डॉक्टरांनी विचारलं, "पथ्य नीट पाळलं होतं ना?" आई म्हणाली, "अगदी. कणभर मीठ नाही." सत्यशीला शेजारी उभी होती. एका चिमटीनं असं होतं का, एवढाच प्रश्न तिला डॉक्टरांना विचारायचा होता. तो तिनं त्या दिवशी विचारला नाही, आणि पुढे ज्या ज्या डॉक्टरांसमोर ती बसली त्यांनाही नाही. हो म्हणाले तर काय करायचं?

घरात माणूस गेलं तरी डबे थांबत नाहीत. विसाव्या दिवशी ती एरंडवण्यातल्या एका बंगल्यात शूटिंगवाल्यांना जेवण घेऊन गेली. तिथे वेगळाच पेच पडलेला. कुसुमताई डावखुऱ्या होत्या. डाव्या हातानं वाढलं तर थिएटरातल्या बायका उठून जातील, आणि उजव्या हातानं त्यांच्या पळीतलं वरण ताटाबाहेर जात होतं. दिग्दर्शकानं दिवेवाल्या पोरांना वाढणारी सत्यशीला पाहिली आणि तिलाच बसवलं. हिरव्या बांगड्या चढवल्या, समोर रिकामा पाट, पाटापलीकडे कॅमेरा. "मीठ शेवटी वाढा," दिग्दर्शक म्हणाले. "मीठ आधी असतं," ती म्हणाली. "असू दे. इथे शेवटी." आधी वाढायचं असतं तर हात सवयीनं वाढून मोकळा झाला असता. पण भात झाला, वरण झालं, लिंबाची फोड झाली, आणि ती वरची जागा रिकामी राहिली, रोज राहायची तशी. दोन वर्षं तिनं असंच ताट वाढलं होतं. चिमूट घेऊन हात त्या ताटावर गेला आणि थांबला. याला द्यायचं नाही. मग आठवलं की आता ज्याला द्यायचं नाही तो नाहीच. मग आठवलं की आपण दिलं होतं. मीठ बोटांतून सुटलं. "वा!" दिग्दर्शक म्हणाले. पुढे सिनेमा लागला तेव्हा ती आईला घेऊन गेली. अंधारात आई हळूच म्हणाली, "मीठ वाढताना थांबली का गं ती?" "सांगितलं असेल तसं," ती म्हणाली. त्यानंतर, अगदी लग्न होऊन सत्यशीला माहेरी गेली तरी, पानं घेताना मिठाचा सट आई आपल्या हातात ठेवायची, अगदी शेवटपर्यंत, आणि हे आपल्याला उगाच जाणवतं की खरंच तसं आहे हे सत्यशीलेला कधी ठरवता आलं नाही.

मंगळवारी गाडी आली. वाघोली ते खराडी हे अंतर चालत गेलं असतं तर लवकर पोचलो असतो, हे सीतारामनं ड्रायव्हरला तीनदा सांगितलं. काचेच्या उंच इमारतींमध्ये एका इमारतीचा आठवा मजला भाड्यानं घेतलेला, मजल्याच्या मधोमध स्वयंपाकघराचा एक कोपरा उभा केलेला. खिडकीतून शेजारच्या ऑफिसातली माणसं संगणकासमोर बसलेली दिसत होती, आणि इकडे पाट, ताट, पितळी पळी. ऋचा तिशीची, केस कापलेली, बोलताना स्वतःचीच बोटं मोडणारी. तिनं वाकून नमस्कार केला. नवी नायिका शेफाली मूळची अकोल्याची, दोन वर्षं हिंजवडीत नोकरी करून ती सोडून आलेली. "आम्ही घरी आपापलं वाढून घेतो काकू," ती म्हणाली, "त्यामुळे मला सगळंच शिकावं लागलं." सगळ्यांना पोहे आले. सीतारामनं पिशवीतून स्टीलचा डबा काढला आणि मोठ्यानं जाहीर केलं, "हिला हे. बिनमिठाचे. हिला मीठ म्हणजे विष आहे, डॉक्टरांनी बजावलंय." शेफाली चमचा हातात धरून बघत राहिली. "अजिबातच नाही?" तिनं विचारलं. "अजिबात," सीताराम म्हणाला. सत्यशीलेनं आपले अळणी पोहे निमूट खाल्ले.

"काकू, आता एकच विचारायचंय," ऋचा म्हणाली. "तिथे तुम्ही थांबलात का? डोक्यात काय होतं तुमच्या?" उत्तर सत्यशीलेनं दोन रात्री घोकून ठेवलं होतं. "मीठ ओलं होतं," ती म्हणाली. "बोटांना चिकटलं. सुटेना." ऋचा हसली. त्या हसण्यात निराशा स्पष्ट दिसत होती. "लोकांनी त्यावर पीएचड्या केल्यात काकू." "करू देत," सीताराम म्हणाला, "मीठ ओलं असण्यात त्यांचा काय दोष?" सगळे हसले. सत्यशीलाही हसली, आणि हसताना तिला वाटलं की आपण बाळदादाला पुन्हा एकदा नाही म्हणालो.

शेफालीनं वाढून दाखवलं. हात सुरेख चालत होता, भाताची मूद नीट, वरण मधोमध. चिमूट घेऊन हात ताटावर आला, थांबला, मीठ सोडलं. बरोबर तीन सेकंद. "मनात आकडे मोजते मी," तिनं सांगितलं. पुन्हा केलं. पुन्हा तीन सेकंद. अंगठ्याच्या मुळाशी रंगानं काढलेला डागसुद्धा होता. सगळं होतं, आणि त्यात काहीच नव्हतं. दहा-बारा वेळा झाल्यावर ऋचाची बोटं मोडायची थांबली. "काकू, एकदा तुम्ही करून दाखवता?" सत्यशीला पाटासमोर बसली. भात, वरण, भाजी, कोशिंबीर, लिंबू. तिनं चिमूट घेतली, हात गेला आणि मीठ पडलं. थांबला नाही. तिनं पुन्हा केलं. पुन्हा तसंच, सरळ, कुठल्याही घरातल्या कुठल्याही बाईसारखं. स्वतःच्या हाताचीच नक्कल तिला जमेना. "हात रिटायर झाला," सीताराम म्हणाला, आणि बाहेर त्याचा फोन वाजला म्हणून उठून गेला. ऋचा फार गोड आवाजात म्हणाली, "इट्स ओके काकू." तो गोड आवाज तिला लागला. सदतीस वर्षं हा हात लपवला, आणि आज लोकांनी तो बघायला मागितला तर त्याच्यात काही उरलंच नव्हतं. मग बाळदादा कुठे गेला, भिंतीला टेकून बसलेला?

ती उठली ती समोरच्या पाटावर जाऊन बसली. कॅमेऱ्याच्या बाजूला, जेवणाऱ्याच्या जागी. "रिकाम्या पाटाला कसं वाढणार ती?" ती म्हणाली, आणि तिच्या आवाजाला धार आली होती. "तेव्हाही कुणी बसवलं नव्हतं. ती चूकच होती. वाढ गं, मला वाढ." शेफाली गोंधळली, पण तिनं पळी उचलली. खालून बघताना वाढणारा हात फार मोठा दिसतो, हे सत्यशीलेला पहिल्यांदाच कळलं. भात आला, वरण आलं, वाफ तोंडावर आली. भाजी, कोशिंबीर, लिंबू. वरची जागा रिकामी. शेफालीनं चिमूट घेतली, तिचे ओठ आकडे मोजायच्या तयारीनं किंचित हलले. आणि सत्यशीलेच्या तोंडून निघालं, "चिमूटभर वाढ. वरणावरच. तोंडाला चवच नाही गं."

हात थांबला. शेफालीनं तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग दाराकडे, जिकडे सीताराम गेला होता, मग परत तिच्याकडे. ओठ आता हलत नव्हते. ही नाटकात बोलते आहे की खरंच मागते आहे, हे तिला कळत नव्हतं, आणि कळत नाही हेही तिच्या डोळ्यांत दिसत होतं. मिठाचे दोन कण ताटाबाहेर पडले. तीन सेकंद कधीच होऊन गेले. सत्यशीलेनं आणखी काही म्हटलं नाही, नुसती बघत राहिली. असं बघणं किती सोपं असतं, तिला वाटलं, आणि बाळदादाला काही माझं वाईट करायचं नव्हतं, त्याला नुसतं जेवायचं होतं. मग त्या मुलीचा चेहरा कसातरी झाला आणि मीठ वरणावर पडलं. ऋचानं कॅमेरा चालूच ठेवला होता. मूळ सिनेमात हे नव्हतं. तिथे हात एकटा होता.

सत्यशीलेनं भात कालवला आणि घास घेतला. दोन वर्षांनी जिभेवर मीठ आलं आणि तिच्या डोळ्यांतून घळकन पाणी आलं. किती साधी गोष्ट होती ही! याच्यासाठी तो दोनदा भात मागून जेवला होता, आणि जेवून झाल्यावर आनंदात होता, हे ती इतकी वर्षं विसरूनच गेली होती. तिनं दुसरा घास घेतला. "कट," ऋचा हलकेच म्हणाली. शेफाली गुडघ्यांवर पुढे सरकली, तिच्या बोटांना मीठ तसंच लागलेलं. "काकू, तुम्ही खाल्लंत! मला वाटलं नुसतं... काही होणार नाही ना तुम्हाला? काका म्हणाले होते ना, अजिबात नाही म्हणून. मी कशाला दिलं?" तिचा आवाज रडवेला झाला होता. सत्यशीलेनं उष्टा हात बाजूला धरून डाव्या हातानं तिचं मनगट घट्ट धरलं. "एवढ्याशानं काही होत नाही," ती म्हणाली. मग पुन्हा म्हणाली, जरा मोठ्यानं, "मी मागितलं म्हणून दिलंस. एवढ्याशानं काही होत नाही गं." खरंच होत नाही का, हे तिला आजही माहीत नव्हतं. बाहेर सीतारामचं फोनवरचं बोलणं संपत आलं होतं.

शेफालीनं नाक पुसलं. तिची समजूत पटलेली नव्हती, पटणारही नव्हती, हे सत्यशीलेइतकं कुणाला कळणार? "मी फोन करू तुम्हाला?" मुलीनं विचारलं. "परवा? नुसतं बरं आहे ना विचारायला." परवा गुरुवार होता. सत्यशीलेनं मनात दिवस मोजले, पुन्हा एकदा मोजले, आणि तिचं मनगट न सोडता म्हणाली, "सकाळी लवकर कर. मी उचलते."